पगार कोणत्या हेडखाली दाखवायचा?

स्वयंसेवी संस्थांच्या आजच्या अडचणींवर बोलणं निघालं, की महाराष्ट्रात दोन प्रकारची माणसं तावातावानं बोलू लागतात. एकांचं म्हणणं, कामातला जीव गेला, उरले ते प्रस्ताव, अहवाल आणि फोटो. दुसऱ्यांचं म्हणणं, संस्थांनी स्वतःची घडी कधी बसवलीच नाही, आणि आता कुणी हिशेब मागितला की त्यांना तो अपमान वाटतो. दोन्हीकडची माणसं मी जवळून पाहिली आहेत. तळमळ दोन्हीकडे आहे, पण ही माणसं एकमेकांशी सरळ बोलण्याऐवजी बहुतेक वेळा तिसऱ्याच कुणापाशी बोलतात. म्हणून इथं त्यांना समोरासमोर बसवलं आहे.

भाऊ आणि ताई ही कुणा एका व्यक्तीची चित्रं नव्हेत. अनेकांकडून ऐकलेलं त्यांच्या तोंडी घातलं आहे. भाऊ ऐंशीच्या दशकात मराठवाड्यातल्या एका तालुक्यात आरोग्याच्या कामासाठी गेले आणि तिथलेच झाले. ताई त्याच तालुक्यातली, भाऊंच्या संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकलेली, पुढं समाजकार्याची पदवी घेतलेली. आज पुण्यात एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) विभागात संस्थांचे प्रस्ताव तपासते. मार्चअखेर जवळ आली आहे आणि बोलणं भाऊंच्याच प्रस्तावावरून सुरू झालं आहे.

ताई : भाऊ, प्रस्ताव पूर्ण वाचला. कामाबद्दल मला कुणी सांगायला नको, माझा धाकटा भाऊ तुमच्या सेविकेच्या देखरेखीतच वाढलाय. पण बजेट या रूपात पुढं जाणार नाही. 12 आरोग्यसेविकांचं मानधन, समन्वयकाचा पगार, हिशेबनिसाचा पगार, गाडीचं डिझेल, सगळं तुम्ही कार्यक्रम खर्चात धरलंय. आमचा लेखा विभाग पहिला प्रश्न हाच विचारेल.

भाऊ : मग कोणत्या हेडखाली दाखवू? आमच्याकडे यंत्र नाही, इमारत नाही. बाई घरोघर जाते, बाळाचं वजन करते, आईला अंगावर पाजताना काय अडतंय ते बघते, रात्री हाक आली तर उठून जाते. तिला पैसे देणं हाच कार्यक्रम. आणि हिशेबनीस नसेल तर तिचे पैसे वेळेवर होत नाहीत, तुझा अहवालही वेळेवर होत नाही.

ताई : नियमानं बघितलं तर तुमचं चुकत नाही. 2021 च्या सुधारित सीएसआर नियमांत 5 टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर. एखादा प्रकल्प आखायला, राबवायला, त्याच्यावर देखरेख ठेवायला जो थेट खर्च येतो तो त्यात धरायचा नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयानं स्पष्टही केलं आहे. म्हणजे सेविकेचा पगार सरळसरळ प्रकल्पाचा खर्च.

भाऊ : मग अडतं कुठं?

ताई : भीतीत. 5 टक्के हा आकडा लोकांच्या डोक्यात बसलाय, तो त्यांनी संस्थांनाही लावून टाकला. उद्या लेखापरीक्षकानं विचारलं तर काय दाखवायचं, ही भीती. टॅब घेतले तर पावती असते, शौचालय बांधलं तर भिंतीवर फलक लागतो, ठिकाणाच्या नोंदीसह फोटो निघतो. पगाराचा फोटो निघत नाही. मी आत बसून हे रोज बघते, म्हणून तुम्हाला सांगते की कागद असा लिहा की माझ्या हातात भांडायला काहीतरी राहील.

भाऊ : तू भांडशील, ते माहीत आहे मला. पण कागद असा लिहा, तसा लिहा, हे करता करता कामच तसं होत जातं, ते कुणाला दिसत नाही. शेजारच्या तालुक्यातली एक संस्था बायकांच्या बचत गटांचं काम करत होती. पैसा शाळांच्या डिजिटल वर्गांसाठी होता, म्हणून त्यांनी डिजिटल वर्ग घेतले. पुढच्या वर्षी पैसा जलसंधारणाला होता, त्यांनी नाला खोल केला. आता तिथल्या कार्यकर्त्याला विचारलं तुमचं काम काय, तर तो सांगतो, सध्या अमुक प्रोजेक्ट चालू आहे.

ताई : आणि त्याला आधी नीट पगार असता तर त्यानं कदाचित नाला खोल केला नसता. भाऊ, मला इथं जरा स्पष्ट बोलू द्या. पैशाबद्दल तुम्ही कंपन्यांना दोष देता. पण माणसाच्या श्रमाला पैसे नसतात, ही गोष्ट आम्हाला आधी कुणी शिकवली? तुम्हीच. 'मानधन' म्हणून जे हातात ठेवायचात ते किमान वेतनाच्या आसपासही नव्हतं. सेविकांना भविष्य निर्वाह निधी नव्हता, आजारपणात रजा नव्हती. तुम्ही स्वतः काही घेत नव्हतात, हे सगळा तालुका अभिमानानं सांगतो. पण तुमचं घर वहिनींच्या शाळेच्या पगारावर चाललं. त्या 12 जणींच्या घरात कुणाची शाळेतली नोकरी होती?

भाऊ : पैसे होते कुठं? जे होतं ते वाटून घेतलं. त्या काळात आम्ही सगळेच तसे जगत होतो. आम्हाला ते हलाखीचं वाटलं नाही, कारण कशासाठी करतोय ते लख्ख माहीत होतं. सेविकांनाही ते माहीत होतं. त्यांना तू आज बिचाऱ्या ठरवू नकोस.

ताई : बिचाऱ्या नाही म्हणत मी. त्यांनी निवडलं, हे खरंच. पण त्यांच्या मुलींनी ते निवडलं नाही, आणि आज तुम्हाला नवीन सेविका मिळत नाहीत त्याचं कारण त्या मुलींनी आपल्या आयांचं म्हातारपण पाहिलंय. त्यागाची गोष्ट काढता तर जुनी घडी तरी बघा. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य 20 वर्षं काम करण्याचं वचन देत, दरमहा 75 रुपये घेत. बाहेर याहून कितीतरी जास्त मिळालं असतं, म्हणून तो त्याग. पण त्या काळात 75 रुपयांत घर चालत होतं. माणूस टिकवायचा तर त्याच्या घराची तजवीज संस्थेनं करायची असते, हे त्यांनी 1880 च्या दशकात ओळखलं होतं.

भाऊ : ते पैसे कुठून येत, तेही सांग की. फी होती, वर्गणी होती, संस्थानिकांच्या देणग्या होत्या. मी कुणाकडं फी मागू?

इथं मला थोडं मध्ये बोलायचं आहे. भाऊंचा प्रश्न बिनतोड आहे. ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याकडे द्यायला काही नसतं, आणि ज्यांच्याकडे असतं त्यांना काम दिसत नाही. मधली जागा भरून काढणं हे स्वतंत्र काम आहे आणि त्यालाही माणूस लागतो. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी ते काम पार्वतीबाई आठवल्यांनी केलं. त्या विधवा, कर्व्यांच्या मेहुणी. आश्रमासाठी निधी गोळा करत गावोगाव फिरल्या, मोठ्या वयात इंग्रजी शिकावं म्हणून अमेरिकेला गेल्या, तिथं लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. आजच्या अर्थसंकल्पाच्या तक्त्यात त्यांचा प्रवास आणि त्यांचं जेवणखाण 'प्रशासकीय खर्च' म्हणून खोडलं गेलं असतं. त्या फिरल्या नसत्या तर आश्रमातल्या मुली किती शिकल्या असत्या, याचा विचार तो तक्ता करणाऱ्यानं करून पाहावा.

ताई : बरं, पगाराचं मी बघते. दुसरी अडचण. प्रस्तावात तुम्ही निष्पत्तीच्या रकान्यात लिहिलंय, 'मातांचा आत्मविश्वास वाढेल.' भाऊ, हे मोजणार कसं?

भाऊ : सगळं मोजता येत नाही. पहिल्या भेटीला दार न उघडणारी सासू तिसऱ्या वर्षी स्वतः सुनेला घेऊन येते, याला कोणता आकडा लावू?

ताई : लावता येतो. पहिल्या वर्षी किती घरांनी दार उघडलं, तिसऱ्या वर्षी किती घरांनी, एवढं तरी लिहिता येतं. मोजणं हे कंपन्यांनी आणलेलं खूळ आहे, असं तुम्ही मांडता तेव्हा मला वाईट वाटतं, कारण याच महाराष्ट्रात एका संस्थेनं मोजून मोजून देशाचं धोरण बदललंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली 1986 साली. गावागावात प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवला. 39 गावांत आरोग्यदूत बायका घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेत होत्या आणि तुलनेला 47 गावं होती. या 39 गावांत नवजात मृत्यूचं प्रमाण हजारामागं 62 होतं, ते तिसऱ्या वर्षी 25 च्या आसपास आलं. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. नुसतं 'आयांचा आत्मविश्वास वाढला' असं लिहिलं असतं तर दिल्लीत कोण ऐकणार होतं?

भाऊ : उदाहरण उत्तम काढलंस, आणि ते माझ्या बाजूचं आहे. नीट बघ. 1986 ला संस्था सुरू झाली. 1999 ला निबंध आला. देशभर आशा कार्यकर्तींनी घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं, हा सरकारी कार्यक्रम 2011 मध्ये आला. पंचवीस वर्षं. तुझी कंपनी मला किती वर्षांसाठी पैसे देते?

ताई : सध्या एक वर्ष. फार तर तीन.

भाऊ : नियम काय म्हणतो?

ताई : 'चालू प्रकल्प' जास्तीत जास्त तीन वर्षांचा, सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून.

भाऊ : म्हणजे जे काम पंचवीस वर्षांत देशाच्या उपयोगी पडलं, ते कायद्याच्या चौकटीत चौथ्या वर्षीच संपलं असतं. दुसरं बघ. गडचिरोलीत काय मोजायचं ते त्यांनी ठरवलं, कारण त्यांना कळायला हवं होतं की बाळं का मरतात. मला तुमच्याकडून जो तक्ता येतो त्यात काय मोजायचं ते आधीच भरलेलं असतं. लाभार्थी किती, त्यात महिला किती, शिबिरं किती. गेल्या वर्षी माझ्या सेविका महिन्यातले कितीतरी दिवस फोनवर माहिती भरत होत्या. एका कंपनीचं वेगळं ॲप, दुसरीचं वेगळं. त्या माहितीचं पुढं काय झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. मोजायला माझा विरोध नाही. ज्याचं उत्तर मला नको आहे ते मोजण्यात बायकांचा वेळ जातो, त्याला आहे.

ताई : हे मान्य. ॲपचं मी अंतर्गत बैठकीत मांडलं आहे. पण एक सांगा, 'सर्च'नं स्वतःचे प्रश्न स्वतः ठरवले, तुम्ही ठरवलेत? संस्थेकडे इतक्या वर्षांच्या वह्या आहेत. त्या कपाटात आहेत. त्यांतून एक कागद कधी बाहेर आला नाही.

भाऊंना याचं उत्तर देता आलं नाही, आणि माझ्या माहितीतल्या पुष्कळ संस्थांना देता येणार नाही. वह्या असतात. त्या वाचायला वेळ असलेलं माणूस नसतं, आणि त्या माणसाचा पगार पुन्हा कुठल्याच हेडमध्ये बसत नाही.

पैसा कमी झाला म्हणून संस्था अडचणीत आहेत, असं सरसकट म्हणता येणार नाही. कंपनी कायद्याच्या कलम 135 मुळं 1 एप्रिल 2014 पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. 2022-23 मध्ये ती देशभरात सुमारे 30 हजार कोटींच्या घरात गेली आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता. पण मुख्यालयं आणि कारखाने जिथं, तिथं हा पैसा साचतो. मुंबई-पुण्याच्या परिसरात एकाच शाळेला दोन कंपन्या रंग देतात आणि नंदुरबारच्या पाड्यावर कुणी फिरकत नाही. दुसरीकडं बाकीची दारं अरुंद होत गेली. परकीय योगदान नियमन कायद्यात सप्टेंबर 2020 मध्ये दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली, खातं नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत काढणं बंधनकारक झालं, आणि एका संस्थेनं दुसरीला परकीय निधी देणं पूर्ण बंद झालं. या शेवटच्या कलमाचा फटका सर्वांत मोठा. पुण्या-मुंबईची मोठी संस्था पैसे मिळवायची, हिशेब सांभाळायची आणि बीडच्या, धडगावच्या चार लहान गटांना कामासाठी द्यायची, ही साखळीच तुटली.

भाऊ : आमच्याच तालुक्याचा एक मुलगा अमेरिकेत आहे. दरवर्षी काहीतरी द्यायचा. तिथलं नागरिकत्व घेतलं त्या दिवसापासून त्याचा पैसा परकीय झाला. गाव तेच, आई-बाप इथंच, पण आमच्याकडं परकीय निधी घेण्याची नोंदणी नाही म्हणून त्याला नको म्हणावं लागलं.

ताई : नोंदणी घ्या ना.

भाऊ : तीन वर्षांत कामावर 15 लाख खर्च केलेला असावा लागतो. ते जमेल. मग दिल्लीचं खातं, दरवर्षीचं विवरणपत्र, पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी एक सीए कायम लागेल. सीएची फी कोणत्या हेडखाली, ते तू सांग.

ताई : भाऊ, या तपासणीमागं काहीच कारण नव्हतं असं नाही. कागदावरच्या संस्था तुम्हीही बघितल्यात. मुलं नसलेली बालगृहं, अनुदानापुरतं उघडणारं कार्यालय, नवरा अध्यक्ष, बायको सचिव, मेहुणा खजिनदार. त्यांच्यामुळं खऱ्या संस्थेकडंही लोक संशयानं बघतात. मला प्रत्येक प्रस्तावावर आधी हेच तपासावं लागतं, की ही संस्था खरोखर आहे का.

भाऊ : तपास ना. जरूर तपास. पण एवढ्या जाळीत अडकतं कोण ते बघ. ज्याला खोटं करायचंय त्याच्याकडं पाच सीए असतात, त्याचा कागद कधी चुकत नाही. चुकतो माझा. देणगीदारांची यादी 31 मेपर्यंत आयकर विभागाला गेली नाही तर दिवसाला 200 रुपये. प्रत्येक देणगीदाराचा पॅन, आधार नाहीतर दुसऱ्या ओळखपत्राचा क्रमांक हवा. बाजाराच्या दिवशी आठवड्याच्या कमाईतून 50 रुपये देणाऱ्या भाजीवाल्या बाईला मी आधार मागू? आणि निनावी घेतलं, तर ठरावीक रकमेपुढं त्यावर 30 टक्के कर. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहाला घराघरातून मूठमूठ धान्य यायचं. ते देणाऱ्या बायकांची नावं कुठल्या वहीत होती?

ताई : लहान संस्थांना थोडा दिलासा मिळालाय. 5 कोटींच्या आत उत्पन्न असेल तर आयकराची नोंदणी पाच ऐवजी दहा वर्षांसाठी, असा बदल 2025 च्या अर्थसंकल्पात झाला.

भाऊ : चांगलं झालं. नवीन करप्रणालीचंही सांग मग.

ताई : तिच्यात देणगीवरची 80 जीची सवलत मिळत नाही. आणि 2023-24 पासून वेगळी निवड केली नाही तर तीच प्रणाली धरली जाते. पगारदार मध्यमवर्गीय मार्चमध्ये पाच-दहा हजार द्यायचा, त्याला आता करासाठी म्हणून देण्याचं कारण उरलं नाही. पण भाऊ, माझा प्रश्न वेगळा आहे. कर्व्यांच्या संस्थेचा भाऊबीज निधी घरोघर गोळा होत आला, तेव्हा देणाऱ्याला कोणती करसवलत होती? लोकांना त्या मुलींचं शिक्षण आपलं वाटत होतं. तुमच्या तालुक्याला तुमचं काम आपलं वाटतं का?

भाऊ : वाटायचं. आधी धान्य यायचं, बैलगाडी मिळायची, एका गावानं सेविकेला खोली बांधून दिली होती. मग मोठा निधी आला. गाडी आली, वर फलक लागला. त्यानंतर लोक म्हणायला लागले, तुम्हाला कंपनी देते की. माझं म्हणशील तर आम्ही गावाकडं मागणंच सोडलं. कंपनीला अहवाल पाठवायचो, धर्मादाय आयुक्तांना हिशेब पत्रकं पाठवायचो. गावात बसून ताळेबंद कधी वाचला नाही.

ताई : बघा. मागायला माणूस गेला की लोक देतात, हे आजही दिसतं. 'लोकसत्ता' 2011 पासून गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक धनादेश पाठवतात. त्यातले बरेच निवृत्त लोक असतात. पुण्यात पितृपंधरवड्यात 'देणे समाजाचे' भरतं, तिथं लोक येऊन कार्यकर्त्यांशी बोलतात, मग देतात. ते पैसे 'टॅबसाठीच वापरा' असं सांगून कुणी देत नाही.

भाऊ : त्या दहांत येण्यासाठी आधी कुणाला तरी माहीत असावं लागतं. वाडीवरची संस्था मराठीत चार वाक्यं लिहू शकते, पण ती पोचवणार कोण? आणि सगळीच कामं लोकांना गोड वाटत नाहीत. अनाथ मुलांना सगळे देतात. देवदासींच्या, तमाशातल्या बायकांच्या, पारधी वस्तीच्या कामाला कोण देतं? डॉ. दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती जादूटोणाविरोधी कायद्यासाठी जवळपास 18 वर्षं भांडली. कुठली कंपनी त्याला हात लावणार होती? वार्तापत्राचे वर्गणीदार, वार्षिक अंकाच्या जाहिराती गोळा करणारे कार्यकर्ते, शाखांतली माणसं, यांच्या जोरावर ते उभं राहिलं. 2013 मध्ये त्यांचा खून झाला आणि मग काही दिवसांत वटहुकूम निघाला. त्या 18 वर्षांचा वार्षिक प्रगती अहवाल लिहायचा असता, तर दरवर्षी एकच ओळ लिहावी लागली असती : कायदा झाला नाही.

ताई : हे मी नाकारत नाही. सरकारला प्रश्न विचारणारं काम आमच्या पैशातून होणार नाही, कुणी कितीही चांगला असला तरी. कंपनीला त्याच सरकारकडून परवाने हवे असतात. म्हणून तर म्हणते, तुमचा प्रत्येक रुपया आमच्याकडून येऊ देऊ नका. आम्ही दिला तर शौचालय बांधा. पण ग्रामसेवकाला जाब विचारायला जाणाऱ्या बाईचं एसटीचं भाडं गावानं दिलेलं बरं.

हे वाक्य कंपनीच्या बाजूनं बसलेल्या माणसाचं आहे, आणि मला ते पूर्ण पटतं. अडचणीत आलेल्या संस्थांना मी पहिल्यांदा विचारतो ते एवढंच : तुमचा ताळेबंद वाचून कुणाला राग येऊ शकतो? निधी देणाऱ्यालाच येत असेल आणि गावाला तो कधी दिसतच नसेल, तर संस्था कुणाची, हे ठरून गेलेलं आहे. गावाचे पैसे थोडेच असतील, त्यातून पगार निघणार नाहीत, तरी ज्याचे पैसे असतात तो विचारायला येतो. हे विचारणं एकदा तुटलं, की संस्थापकाच्या वयाबरोबर संस्थाही थकते.

ताई : आता अवघड विषय. प्रस्तावासोबत कार्यकारिणीची यादी जोडलीय. सात जण. पाच जण सत्तरीच्या पुढं, एक वारलेले, आणि एक मी शाळेत होते तेव्हापासून पुण्यात राहतात. कमिटी विचारेल, भाऊंच्या नंतर कोण?

भाऊ : वारलेल्यांचं नाव कमी करायला बदल अहवाल दिलाय धर्मादाय कार्यालयात. वर्षं झाली. तारखाच पडतात. तो मंजूर होत नाही तोवर जुनी यादीच अधिकृत. बँक म्हणते, सहीसाठी मंजूर यादी आणा.

ताई : ते कार्यालयाचं झालं. पण नवीन माणूस घ्यायचा ठरावच तुम्ही किती वर्षांत केला नाहीत. आणि त्या यादीत एकही सेविका नाही. जिनं बावीस वर्षं गावं पालथी घातली, जिला प्रत्येक घरातलं बाळ माहीत आहे, ती बैठकीला चहा घेऊन येते.

भाऊ : आमच्या घटनेप्रमाणं पगार घेणाऱ्याला कार्यकारिणीत येता येत नाही. त्या काळी मुद्दामच तसं ठेवलं होतं, हितसंबंध नकोत म्हणून.

ताई : मग ज्या दोघी निवृत्त झाल्यात त्यांना घ्या. त्यांना तर आता काही मिळत नाही.

भाऊ : त्यांना इंग्रजी कागद कळत नाहीत.

ताई : कागद मराठीत करा. धर्मादाय कार्यालयात मराठी चालतं. बँकेत चालतं. इंग्रजी फक्त मला पाठवायच्या प्रस्तावाला लागतं, तो मी लिहून देईन.

भाऊ : सहीचा अधिकारही त्यांना?

ताई : दोघींपैकी एकीला तरी. तुम्हाला भीती वाटते का?

भाऊ : वाटते. एवढी वर्षं एकेक रुपया बघून वापरलाय. माझ्या डोळ्यांसमोर काही बिघडू नये असं वाटतं. माणूस म्हणून वाटतं ते सांगतो.

ताई : मला उलटी भीती वाटते. तुमच्या मागं काही बिघडलं, तर ते सावरायला कुणालाच काही माहीत नसेल.

भाऊ : ठराव मांडतो. मंजूर होईल की नाही ते सांगत नाही, सात जणांत मी एक आहे. पगारांचं काय करणार आहेस ते बोल.

ताई : खरा खर्च लिहा. काही लपवू नका. सेविकेचं किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, हिशेबनीस, कार्यालयाचं भाडं, लेखापरीक्षण, वह्या वाचून कागद तयार करणारं एक माणूस. सगळं 'घरभेटी' या एकाच कामाखाली, आणि एका घरभेटीला किती खर्च येतो ते शेवटी काढा. मी तीन वर्षांसाठी मांडते. आमची कमिटी वह्यांच्या माणसाला कात्री लावेल बहुतेक. बाकीच्यासाठी मी मंत्रालयाचं स्पष्टीकरण छापून सोबत नेणार आहे. पण चौथ्या वर्षाचा रकाना तुम्हाला भरायचाय, आणि तिथं 'अन्य देणगीदार शोधू' असं लिहिलेलं मला चालणार नाही.

भाऊ : मग 18 गावांत बैठका घेतो. हिशेब वाचून दाखवतो.

ताई : वाचून दाखवाल तर लोक ऐकून घेतील आणि उठून जातील. विचारा, या 12 पगारांपैकी किती तुम्ही उचलाल.

भाऊ : अर्धी गावं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. शून्य म्हणाली तर?

ताई : तर का म्हणाली ते लिहून आणा. तेही प्रस्तावात जाईल.

भाऊ : कधीपर्यंत हवंय?

ताई : यंदाचा उरलेला पैसा 31 मार्चच्या आत मार्गी लावायची घाई चालू आहे, तुम्ही त्या घाईत पडू नका. माणसं ऊसतोडीवरून परत आली की बैठका घ्या, मी नवीन वर्षाच्या यादीत धरते. आणि बैठकांना त्या दोघींना घेऊन जा. हिशेब त्यांनाच सांगू दे.